हार्वेस्टरमधला ड्यूक

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, अशी आईने मला ताकीद दिली आहे. घरातली गोष्ट घरातच राहिली पाहिजे, असं तिचं म्हणणं. (खरं तर ती घडत असतानाच आसपासच्या सगळ्या शेतांत, सायलोवर, पेट्रोलपंपावर आणि चर्चच्या स्वयंपाकघरात थेट ऐकली गेली होती. पण आईच्या मते ऐकलेलं वेगळं आणि लिहिलेलं वेगळं.) तेव्हा मी शक्य तेवढ्या हळू आवाजात लिहिते.

गोष्ट माझ्या मामाची आहे. क्लेम लिंके त्याचं नाव. आमच्या इथल्या तांबड्या, तहानलेल्या जमिनीत गहू आणि बार्ली पिकवणारा माणूस. पाण्याची काटकसर आमच्याकडे सगळेच करतात, क्लेम मामाने बोलण्याचीही केली. "हं" हा त्याचा मुख्य शब्द. पीक चांगलं आलं तरी हं, कुंपण वाहून गेलं तरी हं. लग्नात पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हाही तो आधी "हं" एवढंच म्हणाला होता आणि पाद्रीबाबांना प्रश्न पुन्हा विचारावा लागला होता.

रोवेना मामीला मात्र पुस्तकांचा नाद. वाचायचा नव्हे, ऐकायचा. शेतावरच्या बाईचे हात कधी रिकामे नसतात, कान मात्र दिवसभर रिकामे असतात. (नवरा क्लेम लिंके असेल तर जास्तच.) पुस्तकं सगळी एकाच जातीची. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, एक देखणा आणि घमेंडखोर ड्यूक, एक गरीब पण फटकळ मुलगी, मेणबत्त्यांच्या उजेडातले नाच, घोडागाड्या, हातमोजे. वाचनालयाच्या खात्यावरून ही पुस्तकं एका जुन्या फोनवर यायची. तो फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेला असायचा आणि मामी मेंढीचं मटण कापता कापता, कपडे वाळत घालता घालता राजवाड्यात वावरायची.

मामा जाता येता चेष्टा करायचा. "या ड्यूकला पेरणी नसते का गं?"

"त्याची माणसं असतात."

"मग तो दिवसभर करतो काय?"

"बोलतो," मामी म्हणायची.

हा टोमणा आहे, हे मामाला कळायला एक अख्खा हिवाळा जावा लागला.

कापणी तोंडावर आलेली असताना एका संध्याकाळी मामीने ताटं वाढली आणि बसता बसता सांगितलं, "अॅडलेडला हेदरच्या घराजवळ एक शाळा आहे. तिथे ऑफिसात जागा होती. मी हो म्हणून टाकलं. फेब्रुवारीपासून." हेदर म्हणजे तिची बहीण.

"हं," मामा म्हणाला.

"राहणार हेदरकडेच."

"जाऊन येऊन नाही जमणार?"

"क्लेम, चार तासांचा रस्ता आहे."

मामाने बटाटा कापला. इथे नवऱ्याने काहीतरी बोलायचं असतं, एवढं त्याला कळत होतं. नेमकं काय, ते कळत नव्हतं. त्याने फार विचार केला आणि म्हणाला, "मग कुत्र्याला खायला कोण घालणार?"

मामीने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, असं तो स्वतःच सांगतो. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "कापणी संपेपर्यंत मी इथे आहे," ती म्हणाली. "तोवर दुसरं काही सुचलं तर सांग."

आता क्लेम मामाला वाईट वाटलं नाही असं कुणी समजू नये. त्याला इतकं वाईट वाटलं की त्याने त्या रात्री कुत्र्याला दोनदा खायला घातलं. पण सुचलं काही नाही. कापणी सुरू झाली. मामी दर वर्षीप्रमाणे सायलोवर, म्हणजे धान्याच्या मोठ्या कोठारावर, कामाला जाऊ लागली. तिथे धान्याचे ट्रक रांगेत उभे राहतात. ती मचाणावरून एक लांब पोकळ सळई ट्रकमधल्या गव्हात खुपसून नमुना काढते आणि कोणता गहू कोणत्या प्रतीचा ते ठरवते. इकडे मामा हार्वेस्टरच्या केबिनमध्ये एकटा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सोबतीला रेडिओवरचं क्रिकेट. त्यातही पाहुण्या संघाने दगा दिला. कसोटी तीन दिवसांत आटोपली आणि रेडिओवर उरल्या फक्त घोड्यांच्या शर्यती.

एका सकाळी घरातून निघताना मामाची नजर खिडकीतल्या जुन्या फोनवर पडली. मामी सायलोवर गेली होती. फोन नुसता पडून होता. मामाने इकडेतिकडे बघितलं (घरात कुत्र्याशिवाय कुणी नव्हतं, पण कुत्र्याचीही त्याला लाज वाटली) आणि फोन खिशात टाकला. ड्यूक लोक बोलतात, तर नेमकं काय बोलतात ते एकदा ऐकावं, इतकाच त्याचा हेतू. क्रिकेटपटू जुन्या सामन्यांचं चित्रीकरण बघून शिकतात, तसं.

केबिनमध्ये बसल्यावर त्याने फोन तिथल्या स्पीकरला जोडला आणि इंजिनाच्या आवाजावर मात करण्यासाठी आवाज पूर्ण चढवला. मग जेवणाचा डबा ठेवायला जागा शोधली. आमच्याकडे प्रत्येक हार्वेस्टरमध्ये, ट्रकमध्ये आणि बहुतेक स्वयंपाकघरांमध्ये एक बोलायचा रेडिओ असतो. माईकवरचं बटण दाबलं की तुमचा आवाज साऱ्या पंचक्रोशीत. बटण सोडेपर्यंत दुसऱ्या कुणाला त्या चॅनेलवर बोलता येत नाही, नुसतं ऐकता येतं. नवे रेडिओ मालकाचा बडबड्या स्वभाव ओळखून काही मिनिटांनी आपोआप गप्प होतात. मामाचा रेडिओ आजोबांच्या काळातला. त्याच्या माईकची खुंटी केव्हाच तुटली होती, म्हणून माईक सीटशेजारी आडवा पडलेला असायचा. मामाने डबा त्याच्यावर ठेवला. डबा जड होता. मामीने त्यात शेळीच्या पायाएवढं मटणाचं सँडविच भरलं होतं.

अशा रीतीने क्लेम मामा आणि थॉर्नकूम्बचे ड्यूक एकाच वेळी प्रसारित होऊ लागले.

मी तेव्हा ट्रेलोर आजींच्या स्वयंपाकघरात जर्दाळूंच्या बिया काढत होते. ट्रेलोर आजी आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. त्यांचा रेडिओ सकाळी चहाच्या आधी सुरू होतो. एरवी त्यावर "पाना कुठे ठेवलास?" आणि "ट्रक पाठव" यापलीकडे काही नसतं. त्या दिवशी एकदम एक बाई, घसा खोल करून, पुरुषाच्या आवाजात म्हणाली, "मिस फेलिसिटी, आपण या दालनात पाऊल ठेवलंत आणि मला उमगलं, की आजवर ज्याला मी आयुष्य म्हणत होतो ती नुसती आपली वाट पाहणं होती."

आजींनी सुरी खाली ठेवली. "कोण गं ही?"

आणि लगेच मामाचा आवाज आला. "बोलणं सोपं आहे रे बाबा. तुझ्याकडे बूट काढायला सुद्धा नोकर आहे."

"अगं बाई," आजी म्हणाल्या, "हा तर आपला क्लेम."

पुढचा तासभर क्लेम मामाने ड्यूकशी वाद घातला. ड्यूक पावसात भिजत फेलिसिटीच्या दारात उभा राहिला तेव्हा मामा म्हणाला, "छत्री घे की, गाढवा." ड्यूकने तिच्या आजारी बापासाठी वैद्य पाठवला तेव्हा मात्र तो म्हणाला, "हे बरं केलंस." मग त्याने ते दालनाचं वाक्य मागे नेऊन पुन्हा लावलं आणि स्वतः म्हणून पाहिलं.

"रोवेना. तू या दालनात... दालन कुठलं? रोवेना, तू या शेडमध्ये पाऊल ठेवलंस आणि... शेडमध्ये ती कशाला येईल, तिथे उंदीर आहेत. रोवेना, तू स्वयंपाकघरात आलीस... ती तिथेच असते."

आजींनी हातानेच मला गप्प राहायची खूण केली. मी बोलतच नव्हते.

मामाला कुणी कळवलं का नाही, असं तुम्ही विचाराल. रेडिओवर कळवता येत नव्हतं. त्याच्या शेतात मोबाईल लागत नाही. शेजारच्या शेतात गार्थ झॅडो कापणी करत होता. त्याने नुसते हात हलवले असते तरी चाललं असतं. पण गार्थने काय केलं, तर स्वतःचा हार्वेस्टर थांबवला. कारण इंजिनाच्या घरघरीत फेलिसिटीचं उत्तर नीट ऐकू येत नव्हतं. पलीकडच्यानेही थांबवला. कापणीच्या दिवसांत आमच्या क्षितिजावर जागोजागी धुळीचे लोट दिसतात. त्या दिवशी ते एकेक करून खाली बसले.

मामाने हे पाहिलं, आणि तो काळजीत पडला. वारा चढला आणि आगीची भीती वाढली की सगळ्यांनी कापणी थांबवायची, असा आमच्याकडे दंडक आहे, आणि तशी सूचना रेडिओवर येते. त्याने रेडिओकडे बघितलं. रेडिओ गप्प. (आज लोकांना काय शहाणपण सुचलंय, कुणी उगाच बडबडत नाही, असं त्याला मघापासून वाटत होतं.) त्याने दार उघडून हात बाहेर काढला. वारा नव्हता. पण सगळे थांबलेत तर काहीतरी असणारच. म्हणून नियम पाळणाऱ्या त्या माणसाने आपलंही इंजिन बंद केलं, ड्यूकला थांबवलं आणि कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून वाट बघत बसला.

सगळी पंचक्रोशी त्याचं ऐकायला थांबली होती, आणि ती थांबली म्हणून तो थांबला होता. इंजिनही बंद असल्याने पुढचं सगळ्यांना अगदी स्वच्छ ऐकू आलं.

आधी तो नुसता पुटपुटला. "आपल्याकडे कुणाला जमलंय म्हणा. गार्थने शोनाला लग्नाच्या वाढदिवसाला समुद्रावर नेलं आणि तीन दिवस तिच्याकडे पाठ करून मासे पकडत बसला. आर्ची ट्रेलोरने जन्मात एकदा बायकोला फुलं आणली, ती पण पीटरसनच्या थडग्यावरून उचलून."

मी आजींकडे बघायचं टाळलं. "ते मला ठाऊक होतं," आजी म्हणाल्या आणि एका जर्दाळूचे सावकाश दोन भाग केले. "फुलांना चिठ्ठी बांधलेली होती."

"आणि माझी बहीण मला सांगते, मोकळेपणी बोल. स्वतः नवऱ्याशी फ्रिजवर चिठ्ठ्या डकवून बोलते." (आईच्या ताकिदीचं खरं कारण हे आहे.)

इथपर्यंत सगळे हसत होते. शोना झॅडो तर हसून हसून कपड्यांच्या टोपलीवर बसली होती. मग मामा ड्यूकच्या नव्हे, स्वतःच्या आवाजात बोलला.

"ती रोज संध्याकाळी घरी येते ना, तेव्हा गाडी बंद करून तशीच आत बसून राहते. लगेच उतरत नाही. मी शेडमधून बघतो. वाटतं, जाऊन दार उघडावं. मग वाटतं, पुस्तकातलं प्रकरण संपवत असेल, कशाला मध्ये जा." पुढे तो म्हणाला, "कानात काही नसतं तिच्या. नुसती बसलेली असते. घराकडे बघत."

आजींनी रेडिओचा आवाज वाढवला नाही, आणि कमीही केला नाही.

"चर्चच्या जेवणाला सगळ्यांना वाढते आणि मग सिंकपाशी उभ्या उभ्या खाते. तिथे मी तिच्यासाठी कधी खुर्ची धरून ठेवली नाही. लिंबाचं झाड लावलं तिने, नळी टाकून दे म्हणाली, मी म्हटलं हं. मेलं ते झाड. आता कोणत्या तोंडाने थांब म्हणू? थांबून करणार काय इथे? मी तिच्या जागी असतो तर केव्हाच गेलो असतो."

सायलोवर काय झालं ते मला मर्ना या तिथल्या मुकादमबाईंनी सांगितलं. कापणीचा ऐन हंगाम, ट्रकची रांग फाटकाबाहेर गेलेली, उन्हामुळे सगळ्यांच्या खिडक्या उघड्या, आणि प्रत्येक ट्रकमधून क्लेम मामा बोलतोय. मर्नाने ऑफिसमधला रेडिओ मघाशीच बंद केला होता. पण ट्रकचे कोण बंद करणार? मामी मचाणावर उभी होती, सळई हातात धरून. ड्रायव्हर सगळे समोर बघत बसलेले, चर्चमध्ये बसतात तसे.

"स्पड," मामी मचाणाखालच्या ड्रायव्हरला म्हणाली, "रेडिओ बंद कर."

"बटण तुटलंय," स्पड म्हणाला. मग म्हणाला, "मी काही ऐकत नाहीये, रोवेना."

"दिसतंय ते."

तिने त्याच्या गव्हाचा नमुना काढला, तपासला, प्रत लिहून दिली. (बरोबर लिहून दिली. स्पडने नंतर दुसरीकडे तपासून घेतली.) सळई जागेवर ठेवली. हातमोजे काढून त्यांची नीट घडी केली. आणि मर्नाला म्हणाली, "मी जरा जाऊन येते."

मामाला दूरवर धुळीचा एक लोट सरळ आपल्याकडे येताना दिसला. गाडी मामीची आहे हे त्याने ओळखलं. त्याने केसांवरून हात फिरवला. शर्टावरचा भुसा झटकला. ड्यूकही तिसऱ्या प्रकरणात असंच करतो. गाडी धसकटांतून उड्या मारत आली, हार्वेस्टरसमोर थांबली. मामी उतरली, शिडी चढली आणि तिने केबिनचं दार उघडलं. मामाने घाईघाईने फोन टोपीखाली लपवला आणि छाती भरून श्वास घेतला.

"रोवेना," तो म्हणाला, "तू या केबिनमध्ये पाऊल ठेवलंस आणि..."

मामीने वाकून डबा उचलला आणि खालचा माईक त्याच्यासमोर धरला.

मामाने माईककडे बघितलं. मग डब्याकडे. मग शेतांपलीकडे, जिथे सगळ्यांचे हार्वेस्टर गुपचूप उभे होते. "कधीपासून?" त्याने विचारलं.

"छत्री घे की गाढवा, तेव्हाच्याही आधीपासून."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

मामाचा चेहरा भाजलेल्या बिटासारखा झाला. मामी शिडीवरच उभी होती. आत आली नाही. "शेवटचं बोललास ते पुस्तकातलं होतं?" तिने विचारलं.

"नाही."

"वाटलंच. त्यात एकही चंद्र नव्हता."

मामाला वाटलं, जमलं. त्याला खरोखर वाटलं, की जे कुणा ड्यूकला जमलं नसतं ते आपण कापणीच्या मळक्या कपड्यांत करून दाखवलं. "मग?" तो म्हणाला. "थांबतेस?"

मामी बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, असं मामा सांगतो.

"इतकी वर्षं मला वाटायचं, क्लेमला दिसत नाही. बिचाऱ्याला कळत नाही. त्याच समजुतीवर मी दिवस काढले. ज्याला दिसत नाही त्याच्यावर रागवायचं तरी कसं? आज कळलं, तुला सगळं दिसत होतं. गाडीत बसलेली मी दिसत होते. आणि तू शेडमधून बघत होतास."

"मी सांगणार होतो."

"कुणाला सांगितलंस ते बघ. ड्यूकला." तिने हात पुढे केला. "तो टोपीखालचा फोन दे. माझं ते प्रकरण अजून ऐकायचं राहिलंय."

मामाने फोन दिला. मामीने माईक डब्याखालून काढलेला होता, त्यामुळे चॅनेल मोकळा झाला होता, आणि एवढा वेळ तोंड दाबून बसलेली पंचक्रोशी एकदम बोलू लागली.

"क्लेम, मासे पकडत होतो हे तुला कुणी सांगितलं?" हा गार्थ.

"मी सांगितलं!" ही शोना. "आणि तीन नाही, चार दिवस!"

"रोवेना, इथे रांग रस्त्यापर्यंत गेलीये गं," ही मर्ना.

आणि सगळ्यांवर ताण करणारा, माझ्या शेजारून निघालेला ट्रेलोर आजींचा आवाज. "अरे मेल्या, पुस्तक बंद का केलंस? ती त्याला हो म्हणाली की नाही?"

मामीने मामाच्या हातात माईक ठेवला. "त्यांना उत्तर दे," ती म्हणाली, शिडी उतरली आणि सायलोवर परत गेली.

कापणी संपेपर्यंत ती राहिली. बोलल्याप्रमाणे. मामानेही प्रयत्न केले नाहीत असं नाही. त्याने लिंबाच्या झाडाला नळी टाकली. झाड मेलेलं होतं, तरी टाकली. चर्चच्या नाताळच्या जेवणाला तो एका रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून उभा राहिला आणि कुणी बसायला आलं की म्हणायचा, "ही धरलेली आहे." मामी त्या दिवशी सर्दी झाली म्हणून आलीच नव्हती. ते त्याला माहीत होतं. तिला घरी सोडून तो एकटाच आला होता.

गावात मात्र त्याची किंमत वाढली. बायका त्याला वाटेत थांबवून दंडावर हात ठेवायच्या आणि डोळे पुसायच्या. पुरुष त्याला टाळू लागले. "तुझ्यामुळे मी बायकोला विचारलं, बरी आहेस ना," गार्थ त्याला पबमध्ये म्हणाला. "ती घाबरून मला डॉक्टरकडे घेऊन गेली. रक्त तपासलं माझं." ड्यूकचं पुढे काय झालं हे कळावं म्हणून मामाने स्वतःच्या नावाने वाचनालयाचं खातं काढलं आणि ते पुस्तक मागितलं. वाचनालयाकडे त्या पुस्तकाची एकच प्रत. एकाने ऐकून परत केली की मगच दुसऱ्याला मिळते. आणि नंबर लावून बसलेल्यांमध्ये पंचक्रोशीतल्या सगळ्या बायका, पाद्रीबाबा आणि स्पड हे मामाच्या आधी होते.

फेब्रुवारीत मामी निघाली. सामान फार नव्हतं. मी निरोप द्यायला गेले होते, आणि आईही, पण आई मामाशी बोलत नसल्यामुळे ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. मामाने त्या दिवसासाठी काहीतरी तयार केलं होतं हे मला ठाऊक होतं. आठवडाभर तो मेंढ्यांपुढे ओठ हलवताना मला दिसत होता. मामी गाडीत बसली, तिने काच खाली केली. मामा वाकला. खिडकीच्या कडेवर त्याने दोन्ही हात ठेवले. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"मागच्या डाव्या चाकात," तो म्हणाला, "हवा कमी आहे."

मामीने त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं ती हसेल, किंवा रडेल. तिने मान हलवली, त्याच्या हातावर हात ठेवला, आणि तो हात खिडकीवरून हळूच उचलून बाजूला केला, काच वर करायची होती म्हणून. मग ती गेली. कुत्रा फाटकापर्यंत मागे धावला. मामा धावला नाही. तो शेडमध्ये गेला आणि तिथून बघत राहिला.

संध्याकाळी तिचा निरोप आला. मामाने चष्मा नाही असं सांगून तो मला वाचायला लावला. (चष्मा त्याच्या कपाळावर होता.) मी वाचला. "पोचले. हवा भरली."

"पुढे?"

"एवढंच आहे, मामा."

"पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला. तो बराच वेळ मान हलवत राहिला, जणू फेलिसिटीने स्वतःच्या हाताने चार पानी पत्र लिहून पाठवलंय. "हवा भरली म्हणते," तो म्हणाला. "म्हणजे माझं ऐकलं तिने."

तेव्हापासून तो उत्तर लिहितोय. आज रविवार, आणि तो सकाळपासून व्हरांड्यात फोन घेऊन बसला आहे. मी इथे आत बसून हे लिहितेय. मघाशी पाणी द्यायला गेले तेव्हा मी त्याच्या खांद्यावरून वाचत उभी राहिले. आधी त्याने लिहिलं "रोवेना, तू गेलीस आणि मला उमगलं की", ते पुसलं. मग "घर फार", ते पुसलं. आता त्याच्या समोर एकच ओळ उरली आहे, आणि ती पाठवायचं त्याने जवळजवळ नक्की केलं आहे: "बाकीच्या तीन चाकांचं काय?" मी त्याला म्हटलं, मामा, हे नको पाठवूस, तिला तुझ्याकडून चाकांबद्दल नाही ऐकायचं. तो म्हणाला, मग कशाबद्दल ऐकायचंय, तू सांग, तू हुशार आहेस. मी म्हटलं विचार करून सांगते, आणि आत आले, आणि मला वाटतं मला आता ते कळलंय, म्हणजे मामीला खरं तर फक्त एवढंच हवं होतं की त्याने एकदा तरी

"अगं ए, बाहेर ये जरा! हे गेलं वाटतं, माझं बोट लागलं, ते परत कसं आणायचं?"

आले, मामा, पण